चौथा कोपरा

मशीन म्हणतं, झालं.
मी बोर्ड खिडकीशी नेते.
तीन कोपरे सुतासारखे.
चौथ्यात रेघ कोपरा ओलांडून
जवभर पुढे गेलेली,
बोलता बोलता नको ते बोलून गेल्यासारखी.

बाहेर लुनेनबर्गचं धुकं.
बंदर जागेवर आहे की नाही
ते फक्त तरंगत्या घंटेवरून कळतं.
असल्या हवेत पुठ्ठा पाणी पितो
आणि काल खरा असलेला आकडा
आज खोटा पडतो.

पडद्यावर दोन चौकटी:
पातं कुठे शिरणार, पातं कुठे थांबणार.
शेवटातून मी शून्य पूर्णांक एक काढून घेते.
पुन्हा कापते.
आता पातं कोपऱ्याआधीच बिचकतं,
मधला तुकडा एका धाग्यावर लोंबत राहतो.
ओढायचा नाही.
ओढला की रंगाचा पापुद्रा सोबत घेऊन येतो.
हे मला बर्टन झिंकने शिकवलं,
अख्खा बोर्ड माझ्यासमोर फाडून.

बर्टन हाताने कापायचा, अंदाजाने.
रेघ पुढे गेलीच तर हाडाच्या पट्टीने
घासून घासून बुजवायचा, म्हणायचा,
तीन फुटांवरून कोण बघतंय, व्हर्ना?
मी बघते, बर्टन.
अजून बघते.

ऑरिन हिमेलमन आजही आला.
घाई नाही म्हणतो आणि रोज येतो.
टोपी न काढता काउंटरला टेकतो.
फोटोत त्याची बोट, एल्डा मे,
हिरवी, नाकावर गंज,
जाळ्यात शिंपल्यांपेक्षा दगडच जास्त.
मार्चमध्ये विकली, न्यूफाउंडलंडच्या कुणाला.
"त्याने पांढरी रंगवली म्हणे,"
एवढंच बोलतो
आणि माझ्या डब्यातले फुकट गेलेले कोपरे
एकेक काढून चाळतो.
"हा काय वाईट होता?"
मी भिंग देते.
तो बघतो. बराच वेळ बघतो.
"हं," म्हणतो.

पातं बदललं.
वेग कमी केला, इतका की
मशीनला झोप लागेल.
खोली वाढवली, कमी केली,
पुन्हा तिथेच आणली.
अकरा बोर्ड.
एका बोर्डाची किंमत मी सांगत नाही,
ऑरिनसमोर तर नाहीच.

मग वैतागून खालचा पुठ्ठा उचलला,
ज्यावर सगळं कापलं जातं
आणि ज्याच्याकडे कुणी बघत नाही.
वर्षभराच्या मापांच्या खाचा त्यावर,
लग्नांच्या, पदव्यांच्या, कुणाच्या तरी कुत्र्याच्या.
चौथ्या कोपऱ्याखाली एक खोल चर:
त्याच मापाचे इतके फोटो या गावात.
पातं तिथे आलं की
जुन्या चरात पाय घसरायचा त्याचा.

आकड्यांचा काही दोष नव्हता.
सगळे होते तिथे नेऊन ठेवले, माफी मागितल्यासारखे.
नवा पुठ्ठा अंथरला.

बारावा बोर्ड.
गाडी सरकली, पातं शिरलं,
चार वेळा तो बारीक आवाज,
रेशीम टरकल्यासारखा.
उचलला
आणि बोट न लावता
मधला तुकडा आपोआप खाली पडला,
ऑरिनच्या बुटाजवळ.

चारही कोपरे. भिंगातून. पुन्हा एकदा भिंगातून.
मी काही बोलले नाही.
तो वाकला, गुडघे वाजले त्याचे.
कोरा तुकडा हातात धरला,
बोटीहून जवभर लहान.
"हा टाकणार?"
"टाकणार."
त्याने कोटाच्या आत सरकवला
आणि दार ओढून घेतलं.

फ्रेम तयार आहे.
काचेवर एक ठिपका होता, तोही पुसला.
सोमवारपासून भिंतीला टेकून ठेवली आहे,
तोंड दुकानाकडे.
आज शुक्रवार. तो आलेला नाही.

घाई नाही,
म्हणाला होताच.